विद्यार्जन आणि अर्थार्जन

दरवर्षी शालान्त परीक्षेचा निकाल लागला, की पेढ्यांचे पुडे घरोघर फिरतात, आणि दोन दिवसांनी त्याच घरांतून एक हिशेब मांडला जातो. पुढील शिक्षणाची फी किती, वसतिगृहाचे भाडे किती, खाणावळीचा महिना किती, पुस्तके किती. आणि या सर्वांस पुरेल एवढी घरची मिळकत आहे काय? जेथे बेरीज जुळते, तेथे प्रश्न मिटला. जेथे जुळत नाही, तेथे बहुधा दोनच वाटा सुचतात : एक कर्ज काढण्याची आणि दुसरी शिक्षण सोडण्याची. परंतु तिसरीही एक वाट आहे. ज्या विद्यालयात शिकावयाचे, त्याच्याच आवारात दिवसाचे थोडे तास काम करून आपल्या खर्चाचा काही भार आपणच उचलावा, ही ती वाट होय. ती नवी नाही, आडमार्गाची नाही आणि हलकी तर मुळीच नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळजण दोन-चार वर्षांत महाविद्यालयाच्या पायऱ्या चढतील; काहीजण परदेशीही जातील. त्या वेळी हा प्रश्न तुमच्यापुढे उभा राहील, म्हणून त्याचा विचार आजच करून ठेवावा. प्रस्तुत पाठाचा सारांश आधीच सांगतो, म्हणजे पुढील उदाहरणे वाचताना तो ध्यानात राहील. काम मागण्यात कमीपणा नाही; पण काम विद्येच्या मापाने घ्यावे, विद्या कामाच्या मापाने कापू नये. या वाक्याचा पूर्वार्ध विसरणारा विद्यार्थी लाजेपायी शिक्षणास मुकतो, आणि उत्तरार्ध विसरणारा पैशापायी.

१. आपल्याकडील परंपरा

गरीब विद्यार्थ्याने शिक्षण कसे पुरे करावे, याच्या दोन रीती आपल्या इकडे पूर्वी रूढ होत्या : एक माधुकरी मागण्याची व दुसरी वार लावून जेवण्याची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरी जेवून पुण्यासारख्या शहरी कित्येक मुलांनी विद्या संपादन केली. अन्न घालणाऱ्यांचे उपकार थोरच. तथापि या रीतीत दोन उणिवा होत्या. ती बहुतांशी ब्राह्मणांच्या मुलांसच उपयोगी पडे. ज्यांस कोणी उंबरठ्याच्या आत घेत नसे, त्यांनी वार कोणाकडे लावावा? आणि दुसरे असे, की तीत घेणाऱ्याचा हात सदा खालीच राही.

एकोणिसाव्या शतकात तिसरी एक रीत सुरू झाली. ती म्हणजे शिकता शिकता शिकविणे. पेशव्यांच्या अमदानीत विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची चाल होती. पुढे इंग्रजी राज्यात त्याच निधीच्या आधारे दक्षिणा फेलो नेमण्यात येऊ लागले. फेलोने आपला पुढील अभ्यास करावा, कॉलेजात काही अध्यापन करावे आणि त्याबद्दल वेतन घ्यावे, अशी ती योजना होती. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे १८५९ साली असे दक्षिणा फेलो झाले. आज परदेशी विद्यापीठांतून ज्यास अध्यापन-साहाय्यक म्हणतात, तो याच जातीचा समजावा. महर्षी धोंडो केशव कर्वे १८८४ साली गणित विषय घेऊन बी. ए. झाले, मुंबईतील विद्यार्थिदशेत त्यांनी शिकवण्या करून आपला खर्च भागविला होता.

परंतु शिकविण्याचे काम ज्यास मिळेल तो आधीच बराच शिकलेला असावयाचा. ज्याच्या घरात पाटीच पहिल्याने आली, त्याच्यासाठी काय? या प्रश्नाचे उत्तर कर्मवीर भाऊराव पाटील यांनी दिले. त्यांचा जन्म १८८७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलविले. तेथील त्यांच्या वसतिगृहास १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची व धर्मांची मुले एकाच पंगतीस बसत. स्वयंपाक, पाणी, झाडलोट, शेतातील काम, सर्व काही मुलेच करीत. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे बोधवाक्य होय.

हे वसतिगृह चालविताना असेही दिवस आले, की मुलांच्या जेवणास पैसा उरला नाही. त्या वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने आणि अखेर गळ्यातील मंगळसूत्रही त्या मुलांसाठी मोडले. दागिने मोडून मुलांस जेवू घालणारी ती माउली आणि पाणी वाहून शिकणारी ती मुले, या दोहोंच्या जोरावर संस्था उभी राहिली. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा 'कमवा व शिका' हे तत्त्व महाविद्यालयीन शिक्षणासही लागू झाले. भाऊराव १९५९ साली निवर्तले. परंतु त्यांची ही कल्पना एका संस्थेपुरती राहिली नाही. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठात कर्मवीरांच्याच नावाने 'कमवा व शिका' योजना चालते, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही अशी योजना आहे.

या इतिहासात लक्षात घेण्याजोगी गोष्ट एकच. माधुकरीच्या झोळीतून विद्यार्थी घामाच्या वेतनाकडे आला, आणि त्या वाटेवर त्याची जात आडवी आली नाही. झाडू हातात घेतल्याने तो हलका झाला नाही. उलट कोणापुढे हात न पसरता शिकल्यामुळे त्याची मान ताठ राहिली.

२. अमेरिकेतील तीन उदाहरणे

हाच प्रश्न दुसऱ्या एका देशात कसा सोडविला गेला, हे पाहणे बोधप्रद होईल. कारण विद्यार्थ्यांनी आवारातच काम करण्याची चाल अमेरिकेइतकी अन्यत्र क्वचितच रुजली असेल.

पहिले उदाहरण बुकर टी. वॉशिंग्टन यांचे. गुलामगिरीत जन्मलेला हा मुलगा १८७२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, व्हर्जिनियातील हॅम्पटन येथील शाळेत शिकण्यासाठी निघाला. अंतर पाचशे मैलांच्या आसपास, आणि खिशात पुरेसे पैसे नाहीत; म्हणून बरीच वाट त्याने पायी तुडविली. तो पोहोचला तेव्हा त्याच्यापाशी अवघे अर्धा डॉलर उरले होते आणि कपडे मळून गेले होते. मुख्य शिक्षिकाबाईंनी त्याला प्रश्न विचारले नाहीत; एका वर्गाची खोली झाडावयास सांगितली. त्याने ती तीनदा झाडली आणि चारदा पुसली. बाईंनी आपल्या हातरुमालाने भिंती व बाके तपासून पाहिली, धूळ आढळली नाही, आणि मुलगा शाळेत दाखल झाला. पुढे त्याच इमारतीच्या झाडलोटीचे काम पत्करून त्याने आपला जेवणाखाण्याचा खर्च भागविला. हाच मुलगा मोठेपणी टस्कीगी येथील प्रख्यात विद्यालयाचा आद्य प्रमुख झाला.

दुसरे उदाहरण केंटकी संस्थानातील बेरिया कॉलेजचे. १८५५ साली स्थापन झालेल्या या संस्थेत काळ्या व गोऱ्या मुलामुलींस एकत्र शिक्षण देण्याचा प्रयत्न झाला. १९०४ साली तेथील सरकारने कायदा करून असे एकत्र शिक्षण बंद पाडले, आणि १९५० साली तो कायदा शिथिल झाल्यावर कॉलेजने पुन्हा काळ्या विद्यार्थ्यांस दार उघडले. या कॉलेजात शिक्षणाची फी घेत नाहीत. मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने, तो श्रीमंत असो की गरीब, आठवड्यास किमान दहा तास कॉलेजचे काम केलेच पाहिजे. हातमाग, लाकूडकाम, झाडू बांधणे या तेथील उद्योगांची मोठी ख्याती झाली. साताऱ्याचे बोर्डिंग आणि बेरियाचे कॉलेज यांची एकमेकांशी काही ओळख नव्हती. तरी दोन्ही ठिकाणी माणसामाणसांतील भिंत पाडण्याचे काम सामाईक श्रमावर सोपविले गेले, हे साम्य विचार करण्यासारखे आहे. सर्वांनीच काम करावयाचे ठरले, म्हणजे काम करणारा कोण आणि न करणारा कोण, हा भेदच उरत नाही.

तिसरे उदाहरण लिंडन जॉन्सन यांचे. टेक्सासमधील सॅन मार्कोस येथील अध्यापक-महाविद्यालयात ते १९२७ साली दाखल झाले. घरची स्थिती बेताची असल्यामुळे आवारातील कचरा उचलणे, इमारत झाडणे अशी कामे त्यांनी केली, आणि पुढे प्राचार्यांच्या कचेरीत त्यांस काम मिळाले. पैसा कमी पडला तेव्हा एक वर्ष शिक्षण थांबवून त्यांनी एका लहान गावी शिक्षकाची नोकरी केली, आणि १९३० साली पदवी मिळविली. मंदीच्या दिवसांत सरकारने गरजू विद्यार्थ्यांस अर्धवेळ काम देण्यासाठी राष्ट्रीय युवक खाते काढले, तेव्हा १९३५ साली टेक्सासपुरते ते खाते जॉन्सन यांच्याच हाती आले. पुढे ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले. विद्यार्थ्यांस आवारातील कामाचे वेतन सरकारी मदतीतून मिळावे, ही तरतूद ज्या कायद्याने झाली, त्यावर १९६४ साली सही केली ती त्यांनीच. आणि १९६५ सालच्या उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही करण्यासाठी ते मुद्दाम सॅन मार्कोसच्या आपल्या जुन्या महाविद्यालयात गेले.

येथे एक आक्षेपही सांगितला पाहिजे, नाहीतर पाठ एकांगी होईल. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या थोर काळ्या विद्वानाने १९०३ साली वॉशिंग्टन यांच्या शिक्षणपद्धतीवर कडक टीका केली. हाताच्या कामावर इतका भर दिला, की गरिबांच्या मुलांनी उच्च विद्येची आकांक्षाच सोडावी असा त्याचा परिणाम होईल, असे त्यांचे म्हणणे होते. ही टीका आपण मनात बाळगावी. गरिबाच्या मुलाने झाडावे आणि श्रीमंताच्या मुलाने वाचावे, अशी वाटणी होऊ लागली, तर 'कमवा व शिका' यातील शिकण्याचा भाग गळून पडला असे समजावे. काम हे विद्येपर्यंत नेणारी शिडी आहे. शिडीवरच घर बांधावयाचे नसते.

३. तासांचा हिशेब

मग काम किती करावे? याचे उत्तर भावनेने न देता अंकगणिताने देऊ. पाटी घ्या आणि पुढील आकडे मांडा.

आठवड्याचे दिवस सात आणि दिवसाचे तास चोवीस, म्हणजे एकंदर १६८ तास. त्यांतून झोपेचे रोज आठ, म्हणजे ५६ तास वजा करा. वर्ग व प्रयोगशाळा मिळून ३० तास धरा. जितके तास वर्गात, तितके तरी खोलीत वा ग्रंथालयात स्वतः वाचले पाहिजे. म्हणून आणखी ३०. स्नान, जेवण, कपडे धुणे व जाणे-येणे यांस रोज चार, म्हणजे २८. ही बेरीज झाली १४४. बाकी उरले २४ तास. याच चोवीस तासांतून खेळ, घरी लिहावयाची पत्रे वा बोलणे, प्रार्थना, मित्रांची संगत, आजारपण आणि काम, हे सर्व निघावयाचे आहे.

आठवड्यास दहा ते बारा तास काम केले, तर जवळजवळ निम्मा मोकळा वेळ हाती राहतो. वीस तास केले, तर अवघे चार तास उरतात. एक दिवस ताप आला की ते संपले, आणि नंतरचे काम झोपेतून किंवा अभ्यासातून कापावे लागते. बेरियाने किमान दहा तास सांगितले आणि आपल्याकडील योजनांतही रोज दोन-तीन तासांचेच काम असते, यातील मर्म हे आकडे पाहिल्यावर ध्यानात येईल. तासांची वरची मर्यादा ही कुंपण आहे. ते गाठण्याचे ठिकाण नव्हे.

४. काम कसे मिळवावे

महाराष्ट्रातील महाविद्यालयात 'कमवा व शिका' योजना असल्यास तिची चौकशी प्रवेश घेतानाच करावी. विद्यापीठांतून विद्यार्थी विकास मंडळ हे काम पाहते, आणि महाविद्यालयांतून त्याच खात्याचे अधिकारी म्हणून एखाद्या प्राध्यापकाची नेमणूक असते. सूचना फलकावर लागण्याची वाट न पाहता त्यांस जाऊन भेटावे. जागा मोजक्या असतात, आणि सत्र सुरू होऊन महिना उलटल्यावर येणाऱ्यास त्या क्वचितच मिळतात. अर्जासोबत मागील परीक्षेची गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि बँकेच्या पासबुकाची प्रत तयार ठेवावी. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून मिळण्यास दिवस लागतात. तो सुटीतच काढून ठेवणारा विद्यार्थी शहाणा.

कामे नाना प्रकारची असतात. ग्रंथालयात परत आलेली पुस्तके क्रमाने लावणे, कचेरीत नोंदी करणे, प्रयोगशाळेत साहित्य मांडणे व धुणे, बागेस पाणी घालणे, वसतिगृहाची व्यवस्था पाहणे, संगणकावर मराठी व इंग्रजी मजकूर टंकित करणे. यांपैकी आपणास येते कोणते, हे अर्जात स्पष्ट लिहावे. 'कोणतेही काम चालेल' असे लिहिणाऱ्याची गरज कळते, पण लायकी कळत नाही. 'मी शाळेच्या ग्रंथालयात दोन वर्षे पुस्तके लावीत असे. माझे वर्ग दुपारी दोनला संपतात. तीन ते पाच मी येऊ शकेन' असे जो लिहितो, त्याच्याविषयी निवड करणाऱ्यास दुसरा प्रश्न विचारावा लागत नाही. अर्ज एका पानाचा असावा, अक्षर वाचनीय असावे, आणि त्यात एकही शब्द खोटा नसावा.

तेव्हा मुलांनो, या कामाची तयारी शाळेतच होते, हे ओळखा. येथे ग्रंथालयाचे, बागेचे किंवा प्रयोगशाळेचे जे काम तुम्हांस सांगण्यात येते, ते शिक्षा म्हणून नव्हे. वेळेवर येणे, घेतलेली वस्तू जागेवर ठेवणे, हिशेबाचा कागद नीट लिहिणे, या तीन सवयी ज्याने येथे लावून घेतल्या, त्याची शिफारस करताना कोणत्याही शिक्षकाची लेखणी अडखळणार नाही.

५. परदेशी जाणाऱ्यांसाठी

आता जे परदेशी जाण्याचा विचार करतात, त्यांच्याविषयी. येथे भोळी समजूत फार मोठे नुकसान करते, म्हणून पालकांनीही हा भाग लक्षपूर्वक वाचावा. 'मुलगा तिकडे गेला, की काम करील आणि कर्ज आपोआप फिटेल' असे धरून कित्येक घरांतून जमीन वा राहते घर तारण ठेवले जाते. ही समजूत नियमांशी जुळत नाही.

अमेरिकेचा विद्यार्थी-परवाना घेऊन गेलेल्यास सत्र चालू असताना आवारात आठवड्यास वीस तासांहून अधिक काम करता येत नाही. सुटीत पूर्णवेळ करता येते. आवाराबाहेर काम करण्यास निराळी परवानगी लागते, आणि ती पहिल्या शैक्षणिक वर्षात सहसा मिळत नाही. विद्यापीठाचे प्रवेशपत्र व परवाना मिळण्यासाठी पहिल्या वर्षाचा खर्च आपल्यापाशी आहे, हे आधीच दाखवावे लागते. पुढे मिळेल अशा कामाची आशा त्या हिशेबात धरीत नाहीत. वर सांगितलेल्या १९६४ सालच्या कायद्याची सरकारी मदत ही तेथील नागरिकांसाठी व तशा हक्काच्या रहिवाशांसाठी आहे; परदेशी विद्यार्थ्यांस ती लागू नाही. म्हणून कामाच्या जाहिरातीत ती अट असल्यास तेथे अर्ज करून वेळ दवडू नये. इंग्लंडातही पदवीचा अभ्यास करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यास सत्रात आठवड्यास वीस तासांचीच मर्यादा असते. असे नियम अधूनमधून बदलतात. यासाठी निघण्यापूर्वी त्या त्या सरकारची व विद्यापीठाची चालू सूचना स्वतः वाचावी, दलालाच्या तोंडच्या शब्दावर विसंबू नये.

असे असले, तरी काम मिळत नाही असे नाही. भोजनगृह, ग्रंथालय, संगणककक्ष, व्यायामशाळा, वसतिगृह, येथे विद्यार्थ्यांची गरज असतेच. भोजनगृहातील काम कष्टाचे, म्हणून तेथे नवख्यासही जागा लवकर मिळते. उच्च पदवीच्या विद्यार्थ्यांनी मात्र अध्यापन-साहाय्यक व संशोधन-साहाय्यक या जागांकडे विशेष लक्ष द्यावे. कारण त्यांत वेतनाबरोबर पुष्कळ ठिकाणी फीचीही सूट मिळते. त्यासाठी प्राध्यापकांचे लेखन आधी वाचून, आपण त्यांच्या कोणत्या कामास उपयोगी पडू हे सांगणारे छोटे पत्र पाठवावे. एकच मजकूर पन्नास जणांस धाडला, तर पन्नासही जण तो ओळखतात.

काम ठरल्यावर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कचेरीस कळवावे, नेमणुकीचे पत्र घ्यावे, आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक नसल्यास त्यासाठी अर्ज करावा. हे सर्व टाळून एखाद्या दुकानाच्या मागील दाराने रोख मजुरीवर काम करण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो कटाक्षाने टाळावा. त्यात मिळणारे थोडे पैसे आणि त्यापायी जाऊ शकणारा परवाना, यांची तुलनाच होऊ शकत नाही. शिवाय अशा ठिकाणी मजुरी बुडाली, तर दाद कोणाकडे मागणार? आवारातील कामाने भाजीपाला, पुस्तके, भाड्याचा काही वाटा निघेल; सबंध फी त्यातून निघेल असे धरून कोणी कर्जाच्या कागदावर सही करू नये.

६. काम कसे राखावे

काम मिळविणे अर्धे, राखणे अर्धे. हजेरीच्या कागदावर आलेली वेळ व गेलेली वेळ खरी लिहावी. दहा मिनिटांचा खोटेपणा हा दहा मिनिटांचाच असतो असे नाही, तो पुढील शिफारसपत्रापर्यंत पोहोचतो. परीक्षा जवळ आल्यास रजा आदल्या दिवशी न मागता पंधरवडाभर आधी मागावी. काम करताना ज्या शिपायांच्या, माळ्यांच्या, स्वयंपाकिणींच्या बरोबरीने उभे राहावयाचे, त्यांस मामा, काका, मावशी म्हणून मानाने हाक मारावी. तुम्ही दोन वर्षांनी तेथून निघून जाल. त्यांचा जन्म त्या कामात गेला आहे, आणि कामातील खुबी ते तुमच्याहून अधिक जाणतात.

पहिल्या वेतनातून काय करावे? एक वही घालावी आणि जमा-खर्च लिहावा. आणि प्रत्येक सत्राच्या शेवटी त्याच वहीत आपले गुणही लिहावे. गुण खाली येत असतील, तर कामाचे तास कमी करावे. तेवढ्याने न भागल्यास शिष्यवृत्ती, फीमाफी किंवा शिक्षकांचा सल्ला मागावा. मदत मागण्यातही कमीपणा नाही. ज्या पदवीसाठी काम पत्करले, तीच हातची गेली, तर मिळालेले सर्व वेतन तोट्याच्याच बाजूस मांडावे लागेल.

७. पालकांस विनंती

शेवटी पालकांस दोन शब्द. आपला मुलगा वसतिगृहाचे अंगण झाडतो किंवा आपली मुलगी भोजनगृहात ताटे उचलते, हे ऐकून मनास चरका बसणे साहजिक आहे. 'आम्ही एवढे कष्ट कशासाठी केले?' असा शब्द तोंडून निघतो. परंतु त्या शब्दाचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, याचा विचार करावा. ते काम सोडीत नाहीत, आपणापासून लपवितात. आणि एकदा लपविण्याची सवय लागली, म्हणजे रात्री जागून केलेले जादा तास, उतरलेले गुण, बिघडलेली प्रकृती, हेही लपविले जाते. त्यापेक्षा मुलांस मोकळेपणे विचारावे : काम कोणते, तास किती, झोप किती, अभ्यास कसा चालला आहे? ज्या घरी हे चार प्रश्न प्रेमाने विचारले जातात, त्या घरच्या मुलाचे काम मापाबाहेर जाण्याची भीती थोडी.

मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. मुलाने केलेले काम कौतुकाने सांगावे आणि मुलीने केलेले झाकावे, ही रीत सोडून द्यावी. स्वतःच्या घामाचे पहिले वेतन हाती येते, तेव्हा मुलाच्या मनास जो धीर येतो, तोच मुलीच्याही मनास येतो; आणि तिला तो आयुष्यात अधिक वेळा उपयोगी पडतो.

अभ्यासार्थ प्रश्न

१. माधुकरी, वार लावून जेवणे आणि 'कमवा व शिका' यांतील भेद चार-पाच वाक्यांत लिहा.

२. साताऱ्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग आणि बेरिया कॉलेज यांत कोणते साम्य आढळते?

३. डू बॉइस यांचा आक्षेप तुमच्या शब्दांत सांगा. तो तुम्हांस पटतो काय? का?

४. तुमच्या स्वतःच्या आठवड्याच्या १६८ तासांचा तक्ता करा. त्यात कामास किती तास देता येतील, हे खरेखरे लिहा, आणि तो तक्ता घरी वडीलमंडळींस दाखवा.

५. ग्रंथालयातील कामासाठी एका पानाचा अर्ज लिहा. त्यात तुम्हांस येत असलेल्या एका कामाचा व तुमच्या मोकळ्या वेळेचा उल्लेख अवश्य करा.